दोन श्यामलाल आणि चंद्राचा एक पास

सडक अर्जुनीहून आत नऊ किलोमीटरवर हिरडीटोला नावाचं गाव आहे, आणि त्या गावात ताराचंद रामटेके एकेचाळीस वर्षं टपाल वाटत होता. हुद्दा ग्रामीण डाकसेवक. आधी सायकल, मग लुना, आणि शेवटची चार वर्षं मुलीनं वापरून दिलेली स्कूटी. माणूस साधा, उंचीनं बेताचा, पण पिनकोडाचा विषय निघाला की चार बोटं उंच व्हायचा. लग्नपत्रिकेवर पिनकोड नसला तर ते लग्न टिकेल असं त्याला मनापासून वाटायचं नाही. स्वतःच्या दारावर त्यानं नावाखाली सहा आकडे रंगवून घेतले होते, आणि नावापेक्षा आकडेच मोठे दिसतात अशी त्याच्या बायकोची, कुसुमबाईची, कायमची तक्रार होती.

या एकेचाळीस वर्षांत त्याच्या हातून एकही टपाल चुकीच्या माणसाला गेलं नव्हतं. ही गोष्ट तो न विचारता सांगायचा. ऐकणाऱ्यालाही मान डोलवावी लागायची, कारण गावात दोन श्यामलाल होते आणि दोघंही बिसेन. वरच्या टोल्यातला, म्हणजे वरच्या वस्तीतला, चुन्नीलालचा श्यामलाल आणि खालच्या टोल्यातला शालीकरामचा. एकदा दोघं ग्रामपंचायतीला एकाच वॉर्डात उभे राहिले. लोकांचा इतका गोंधळ उडाला की याची मतं त्याला पडली, त्याची याला, आणि प्रचाराला घराबाहेरही न पडलेला चंद्रशेखर नावाचा तिसराच निवडून आला. त्या निवडणुकीला आता अकरा वर्षं झाली. दोघांत तेव्हापासून बोलणं नाही. अशा दोघांची पत्रं ताराचंद अक्षरावरून, शिक्क्यावरून, पाकीट कुठून आलंय त्यावरून बरोबर ओळखायचा. एकतीस जानेवारीला तो निवृत्त होणार होता, आणि त्याचा सत्कार करायचा यावर दोन्ही टोल्यांचं एकमत झालं होतं. हिरडीटोल्यात दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर एकमत झाल्याचं कुणाला आठवत नाही.

तर दिवाळीत त्याची मुलगी समीक्षा घरी आली. ती गोंदियाला नोकरीला, राहायला जवळच्याच कुडव्याला. तिनं बापाला मोबाइलवर दाखवलं की अमेरिकेचं यान चार माणसं घेऊन चंद्राला वळसा घालून येणार आहे, आणि ज्याला हवं त्यानं आपलं नाव टाकावं, ती सगळी नावं एका नखाएवढ्या कार्डात भरून यानात ठेवणार आहेत. नाव टाकलं की पासही मिळतो, अगदी विमानाचा असतो तसा. समीक्षानं स्वतःचं नाव टाकून दाखवलं, फराळ केला आणि ती परत गेली. ताराचंद मात्र त्या मोबाइलसमोर बसून राहिला. अर्जात तीनच रकाने होते. नाव, आडनाव आणि तिसरा पिन.

पिन पाहून त्याचा ऊर भरून आला. अमेरिकेसारखा देश, चंद्रापर्यंत जाणारा, आणि तोही पिनकोडाशिवाय पुढे सरकत नाही. एवढी वर्षं आपण जे सांगत होतो ते साता समुद्रापलीकडे कुणाला तरी पटलंय, असं त्याला वाटलं.

मग त्यानं सगळं गावच चंद्रावर पाठवायचं मनावर घेतलं. टपाल देता देता तो ओट्यावर बसायचा, नाव विचारायचा, टाकायचा आणि पिनच्या रकान्यात गावाचा पिनकोड दाबून भरायचा. आठवड्यातून एकदा सडक अर्जुनीला जाऊन पास छापून आणायचा आणि थैलीतून घरोघर वाटायचा. लोकांनी त्याला हैराण केलं. ऐंशीच्या अनुसयाबाईनं पास देव्हाऱ्यात ठेवला आणि धान घरात आल्याशिवाय मी काही निघत नाही, असं निक्षून सांगितलं. नुसतं नाव जातं, माणूस इथंच राहतो, हे समजावल्यावर ती म्हणाली की मग सरपंचाचं उलटं करता येईल का ते बघ. कुणाला ते यान चंद्रावर उतरणारच नाही हे पटेना. आपलं यान मागं तिथं उतरलंय आणि हे एवढे मोठे लोक बारशाला जाऊन दारातूनच परत फिरणार, हा काय प्रकार, असं पानठेल्यावर बरेच दिवस चाललं. जानेवारी उजाडेपर्यंत एकशे सत्त्याऐंशी पास वाटून झाले होते.

एकशे अठ्ठ्याऐंशीवा खालच्या श्यामलालचा, आणि तिथं घोळ झाला. वरच्या श्यामलालनं आपला पास फ्रेम करून ओसरीत टांगला होता. तो कुणीतरी पाहिला आणि खाली जाऊन सांगितलं की तुझा पास त्याच्या भिंतीवर आहे. खालच्या श्यामलालनं स्वतःचा पास काढून पाहिला. दोन्ही हुबेहूब. नाव तेच, आडनाव तेच, पिन तोच. अमेरिकेच्या अर्जात बापाचं नाव लिहायला जागाच नव्हती, आणि बापाचं नाव नसलं की हे दोघं म्हणजे एकच माणूस.

संध्याकाळी दोघं ताराचंदच्या अंगणात आले. एकमेकांशी बोलायचं नव्हतं म्हणून दोघंही त्याच्याशीच बोलले.

"ताराचंद, यानात नाव एक आणि गावात मानसं दोन," खालचा म्हणाला. "सांग, थे नाव कोणाचं होय?"

वरच्याचंही म्हणणं तेच होतं, फक्त थोडं मोठ्यानं. आणि जाता जाता दोघांनीही बजावलं की निकाल चुकीचा लागला तर आमचा टोला सत्काराला येणार नाही. सत्काराचं ताराचंदला तेवढं नव्हतं. पण एकेचाळीस वर्षांत जे झालं नाही ते शेवटच्या पंधरवड्यात झालं होतं. दोन माणसांना मिळून त्यानं एकच टपाल दिलं होतं, आणि त्यातलं कुठलं बरोबर दारी गेलं हे त्याचं त्यालाही सांगता येत नव्हतं. दोन दिवस त्याला भात गोड लागला नाही. शेवटी त्यानं समीक्षाला फोन लावला. जयभीम होतो न होतो तोच सगळं ओकून टाकलं.

पलीकडून आधी बराच वेळ नुसतं हसू आलं.

"बाबा, थो पिनकोड नोहोय," ती म्हणाली. "एटीएमचा रायते ना, तसा पिन हाय. कोणताही आकडा चालते."

ताराचंद खाली बसला. पिनचा माणूस म्हणून ज्याची तालुक्यात ओळख, त्यालाच पिन कळला नव्हता. एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा कळला नव्हता. समीक्षानं सांगितलं, त्यात काही बिघडलं नाही, सगळी नावं गेली आहेत, फक्त दुसऱ्या श्यामलालसाठी वेगळा आकडा टाका म्हणजे त्याचा वेगळा पास होईल, आणि आजच टाका कारण आज शेवटची तारीख आहे. ते सोपं होतं. अवघड होतं ते गावाला सांगणं. न सांगता गुपचूप पास बदलून देता आला असता, हे त्याच्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण मग श्यामलालनं विचारलं असतं की आधीचा कुणाचा होता, आणि खोटा पत्ता सांगायची सवय त्याला नव्हती.

तो ग्रामपंचायतीच्या ओट्यावर गेला. दहा-बारा माणसं होती, दोन्ही श्यामलाल दोन टोकांना होते.

"पिन म्हंजे पिनकोड नोहोय," तो म्हणाला. "मी चुकलो."

बहुतेकांना त्यात चुकलं काय तेच कळलं नव्हतं. मग सगळ्यांसमोर त्यानं शालीकरामच्या श्यामलालचं नाव पुन्हा टाकलं, त्याच्या जन्मसालाचा आकडा दिला, आणि दुसरा पास झाला. श्यामलाल दोन, पास दोन. ताराचंद घरी येऊन पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना कुसुमबाईनं विचारलं, "आन् तुमचा पास कुठी हाय जी?"

ताराचंदचा कप तोंडाशीच थांबला. इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं वाचता वाचता आपलंही एक नाव आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं घाईघाईनं मोबाइल काढला. नोंदणी बंद झाली होती. तारा आणि चंद दोन्ही ज्याच्या नावात, तेवढं एकच नाव हिरडीटोल्यातून गेलं नाही. तो हसला, म्हणाला जाऊ दे, पण त्याला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. कुसुमबाईला ते दिसलं, आणि तिला दिसलेलं दुपारपर्यंत दोन्ही टोल्यांत पोचायचं.

एकतीस तारखेला शाळेच्या पटांगणात सत्कार होता. दोन्ही टोले आले होते. ताराचंद इस्त्रीचा शर्ट घालून खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बसला होता, सरपंचांचं भाषण चालू होतं, तेवढ्यात दोन्ही श्यामलाल आले, सरपंचांच्या हातात एक चिठ्ठी दिली आणि ताराचंदच्या दोन बाजूंना बसले. एकाच मोटारसायकलवरून आले, हे लोकांनी पाहिलं आणि भाषण ऐकायचं सोडून दिलं.

वरच्यानं खिशातून पास काढला. "आमचं नाव एकच होय," तो म्हणाला. "आमी दोघं एकात मावतो. हा उरून राहिला, याच्यावर तू जाय."

"याच्यावर तं श्यामलाल लिवला हाय," ताराचंद म्हणाला. "चुकीच्या मानसाले टपाल मी आजवर देलो नाई."

"देऊ नको," खालचा म्हणाला. "घे."

ताराचंदनं पास घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही. हिरडीटोल्यात चुकीच्या माणसाला गेलेलं ते पहिलं टपाल होतं.

मंचावर सरपंचांचं भाषण संपत आलं होतं. त्यांनी चष्मा वर केला, हातातली चिठ्ठी पाहिली आणि माईकवरून विनंती केली की शाल आणि श्रीफळासाठी श्री. श्यामलाल बिसेन यांनी पुढं यावं.

तिघं उठले.