समोरासमोर दोन दारं

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नानांची दृष्ट काढायला शेजारणीने आणून दिलेली मोहरी मी सरळ फोडणीला टाकली होती! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण घर बांधणाऱ्या मंडळींनी तरी वाचावं, म्हणून लिहिते.

नाना म्हणजे माझे वडील. सगळं आयुष्य पुण्यात पेठेत आणि छापखान्याच्या नोकरीत गेलं. आई गेली आणि नानांनी बोलणंच सोडलं. हो-नाही मानेने, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, घसा ठीक आहे, मेंदू ठीक आहे, मनाने घेतलंय, जबरदस्ती करू नका. कसली जबरदस्ती? मी लाडीगोडी लावली, ओरडले, एकदा तर त्यांच्यासमोर बसून ढसाढसा रडले. त्यांनी फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मोकळ्या हवेत त्यांना बरं वाटेल म्हणून वेल्हे तालुक्यात, पानशेतच्या पुढे, उतारावर घेतलेल्या तुकड्यावर मी छोटं घर बांधलं आणि त्यांना घेऊन तिथे राहायला गेले. दोन खोल्या, पुढे पडवी. डिझाइन माझंच. हॉलचं पुढचं दार आणि मागचं दार अगदी एका रेषेत आलं. मागच्या दारातून डोंगर, पुढच्या दारातून धरणाचं पाणी. मला तर फार आवडलं. तरी आमच्या प्लॉटवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकून सहज विचारलं – दारं समोरासमोर आलीत, काही बिघडतं का?

अहो, तुटून पडले सगळे! एक म्हणे, आलेली लक्ष्मी सरळ बाहेर जाते. दुसऱ्याने सापांचे फोटो पाठवले. कुणी दाराला लावायच्या चुंबकाच्या जाळीची लिंक दिली. एका काकूंचा सल्ला मात्र बऱ्याच जणांना पटला – मागच्या दारावर भिंतभर वॉर्डरोब करून टाका, दारही बंद आणि सामानाचीही सोय. प्लाय मात्र चांगला घ्या. मी लिहिलं, बघते.

मे महिन्यातली दुपार होती. दोन्ही दारं उघडी. मी हॉलमध्ये गार फरशीवर आडवी झाले होते, नाना भिंतीकडच्या बाजेवर पाय खाली सोडून बसले होते. डोळा लागत होता... आणि मागच्या बाजूने घुंगरं वाजली. मग फरशीवर खुरं. टपटप, टपटप, खूप सारी, पण कसलीच घाई नाही. लोकरीचा ओलसर, ऊबदार वास आला. माझ्या दंडाला काहीतरी मऊ घासून गेलं. कुणाची तरी मेंढरं घुसली, असं वाटून मी झोपेतच "हाड्! हाड्!" केलं आणि डोळे उघडले.

काही नव्हतं. फरशी स्वच्छ. पुढच्या दाराचा पडदा तेवढा हलत होता. नानांकडे पाहिलं, तर त्यांनी दोन्ही पाय वर घेतले होते. जाणाऱ्याला वाट द्यावी तसे! आणि ते बाहेर, पाण्याकडे बघत किंचित हसत होते.

स्वप्न म्हणून मी सोडून दिलं. पण मग ते रोजच होऊ लागलं. मी टक्क जागी राहिले की काही नाही, पापणी जड झाली की घुंगरं. खरं सांगू? भीती नाही वाटायची. इतकं शांत वाटायचं की उठूच नये.

आमच्याकडे दूध घालणाऱ्या कमलताईंना विचारलं, इथून पूर्वी मेंढरं जायची का? त्या हसायलाच लागल्या. "मेंढरं? न्हाई वो ताई. हितं पाऊस किती! मेंढरं तगत्यात व्हय? आमच्याकडं गुरं, शेरडं. आन तुमच्या जागंत तर आमी भातच बघितलाय कायम."

एका दुपारी मात्र डोळे उघडले तर नाना बाजेवर नव्हते. अनवाणी, पडवीच्या पायरीवर उभे, एक पाय खाली मातीत. असेच उठून एक दिवस हे त्या मेंढरांमागे चालायला लागले तर? खाली एवढं पाणी! दुसऱ्याच दिवशी मी भोरच्या सुताराला फोन केला.

वॉर्डरोब झाला झकास. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. घुंगरं अजून यायची, पण वॉर्डरोबच्या मागे येऊन थांबायची. आत काही नाही. नाना वॉर्डरोबकडे तोंड करून बसून राहायचे. आधी पोळी सोडली, मग भात. ताट नुसतं पुढे सरकवायचे. हाताची हाडं दिसायला लागली. दार उघडलं तर ते जातील, बंद ठेवलं तर इथेच संपतील... कुणाला विचारायचं हे? कुठल्या ग्रुपवर टाकायचं?

शेवटी सुताराला परत बोलावलं. "ताई, आत्ता तर बसवलं की वो!" म्हणाला बिचारा. म्हटलं, काढ, तुझे पैसे कुठे जात नाहीत.

त्या दुपारी मागचं दार पुन्हा उघडं टाकून मी नानांना चिकटून बाजेवर बसले. त्यांचं मनगट घट्ट धरलं, दोघांनीही पाय वर घेतले, मी डोळे मिटले. आली. नेहमीसारखी, निवांत. घुंगरं हॉलमधून गेली, पडवीतून उतरली, लांब गेली. नाना हलले. मी मनगट आणखी आवळलं.

"एक मागं राहिलंय," नाना म्हणाले.

इतक्या महिन्यांनी त्यांचा आवाज! घोगरा, पण त्यांचाच.

"लंगडतंय गं. थांब, येऊ दे त्याला."

मला काहीही ऐकू येत नव्हतं. तरी आम्ही दोघं थांबलो. मग त्यांनी हळूच पाय खाली सोडले. "गेलं. चहा टाक."

मी स्वयंपाकघरात रडत रडत चहा केला. एक घोट घेऊन ते म्हणाले, "साखर कमी आहे." माझ्या चहाला नाव ठेवलेलं मी आजवर कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. त्या दिवशी निमूटपणे साखर घातली.

त्यानंतर घुंगरं आली नाहीत. नानांना विचारलं, तर म्हणाले, "कसली मेंढरं?" काय होतं ते, आमच्याच घरातून का, मला खरंच सांगता येणार नाही. नाना जेवतात. बोलतात तर इतकं की विचारू नका. छापखाना, आई, भाजीचे भाव, दिवसभर टकळी चालू. परवा मी फोनवर होते, वैतागून ओरडले, "नाना, जरा गप्प बसा ना!"

आणि फोन तसाच टाकून धावत त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, नाही, नाही, बोला तुम्ही.