गाडीत नोंदलेला दुसरा रिमोट

आमच्याकडे चौकात उतरून टाकलेलं लिंबू दिसलं की माणसं वाट वाकडी करून जातात. मी ते उचलून सरबत करायला तयार असतो. एवढं सांगितलं म्हणजे माझा स्वभाव कळेल. बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. बिघाड झाला म्हणजे त्याला कारण असतंच, शोधायचा कंटाळा करायचा नाही, हे माझं मत. आजही आहे. फक्त एक गोष्ट सोडून...

साल १९९८. माझी सासुरवाडी भवानीनगरला. सासऱ्यांना मी मामा म्हणायचो, सासूबाईंना मामी. मामांनी साखर कारखान्यातून रिटायर झाल्यावर एक सेकंडहँड पांढरी कार घेतली आणि पुण्याला जाऊन तिला रिमोटचं लॉक बसवून आणलं. भवानीनगरात तेव्हा ही चीज नवी होती. मामांना गाडीपेक्षा रिमोटचंच कौतुक जास्त. संध्याकाळी शेतातून आले की गाडी दारात लावायची, लांब जायचं आणि तिथून बटण दाबायचं. गाडी वाजली की आत मामी चहा ठेवायच्या. तो आवाज म्हणजे त्यांची बेलच होती म्हणा ना.

त्या उन्हाळ्यात मामा हार्ट अटॅकने गेले. तिरडीवर ठेवल्यावर मामींनी तो रिमोट त्यांच्या हातात दिला आणि मूठ मिटवली. काढून घ्यायला कोणी धजलं नाही. दुसरा रिमोट मामींनी पूर्वीच मामांच्या शर्टाबरोबर धुऊन कायमचा बाद केला होता, म्हणजे तोही प्रश्न मिटला. आम्ही सावडायला गेलो तेव्हा राखेत मला रिमोटची पितळी कडी सापडली आणि सर्किटचा एक काळा तुकडा. माझ्या या हातांनी उचललाय तो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

नंतर गाडी नुसतीच उभी. चावी मेहुण्याकडे, दत्ताकडे होती, पण रिमोटशिवाय दार उघडलं की सायरन बोंबलायचा आणि इंजिन सुरूच व्हायचं नाही. इकडे माझी बायको सुनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिचं बीपी वाढलेलं. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, पाणी गेलं की घरी एक मिनिट थांबू नका, बाळाला धोका आहे. म्हणजे गाडी चालू हवीच. मी पुण्याहून नवा रिमोट आणला. दुकानदार म्हणाला, गाडी इथं आणा. म्हटलं, गाडी हलत असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? शेवटी त्याने कृती सांगितली आणि मी स्वतःच प्रोग्रामिंग करायला बसलो.

कृती सोपी होती. चावी ऑन-ऑफ करायची, डॅशबोर्डखालचं बारकं बटण दाबून धरायचं. लाल दिवा लुकलुकला की आधीचे सगळे रिमोट मेमरीतून पुसले गेले. मग नव्या रिमोटचं बटण दाबायचं. शेवटी जेवढे रिमोट नोंदले असतील तेवढ्या वेळा सायरन वाजतो. मामी ओट्यावर बसून बघत होत्या. मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "मंग ह्यांचा बी पुसला का?"

"हो मामी. सगळेच पुसले जातात."

मी बटण दाबलं. सायरन वाजला... आणि परत वाजला. दोन वेळा.

माझं काहीतरी चुकलं असणार म्हणून सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा दोन. अगदी सावकाश, एकेक पायरी मोठ्याने म्हणत केलं, तरी दोनच. रिमोट एक, नोंद दोन. मी वैतागून म्हणालो, मोजणीचं सर्किट गंडलंय, गाडी चालू झाली ना, बास.

त्यानंतरच्या सोमवारी मी ड्यूटीवर असताना डेअरीच्या ऑफिसात फोन आला. भवानीनगरहून शेजारचे बोलत होते. सुनंदाचं पाणी गेलंय, दत्ता रिमोट शोधतोय, कुठं ठेवलाय? माझा हात आपसूक खिशात गेला. रिमोट माझ्या खिशात! आदल्या दिवशी गाडी धुतली आणि तसाच घेऊन आलो होतो. दुसरी गाडी बघा, मी निघालोच, एवढंच बोललो आणि मोटरसायकलला किक मारली. सगळ्या रस्त्यात एकच विचार, माझ्या बावळटपणापायी बाळाचं काही झालं तर?

निम्मा रस्ता संपला असेल. समोरून भर उन्हात हेडलाइट लावलेली एक पांढरी कार सुसाट आली आणि माझ्या शेजारून बारामतीकडे गेली. स्टिअरिंगवर दत्ता. मागे मामींच्या मांडीवर सुनंदाचं डोकं. मी मोटरसायकल थांबवली. खिशात हात घातला. रिमोट होता तिथंच होता. मोटरसायकल वळवताना मी आडवा पडता पडता राहिलो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा सुनंदाला आत नेलं होतं. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, पण अजून उशीर झाला असता तर अवघड होतं, म्हणाल्या. मी दत्ताला बाजूला घेतलं आणि खिशातला रिमोट दाखवला. तो पांढराफटक पडला.

"दाजी, मी दार उघडायला चावी काढली, तवर गाडी वाजली आन् लॉक उघडलं," तो म्हणाला. "मला वाटलं तुमीच आलाय. मागं वळून बगितलं, तर कुणीच न्हाय."

मामी बाकावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या, "गाडी वाजली तवा माजा पाय सवयीनं चुलीकडंच वळला बगा, पाव्हणं."

त्या दिवशी मला जो धक्का बसला तो अजून पुरता उतरलेला नाही. मी काय काय तपासलं म्हणून सांगू? वायरिंग उघडलं, कारखान्याच्या वायरलेसवर संशय घेतला, पुण्याच्या दुकानदाराचं डोकं खाल्लं. तो म्हणाला, साहेब, पुन्हा प्रोग्रामिंग करा, सगळं आपोआप साफ होईल.

वर्षभरात त्या रिमोटचं बटण तुटलं. दत्ताने नवा आणला. मी गाडीत बसलो, चावी ऑन-ऑफ केली आणि डॅशबोर्डखालच्या बटणावर बोट ठेवलं. ओट्यावर मामी नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि एकटक माझ्या हाताकडे बघत होत्या.

मी बोट काढून घेतलं. दत्ताला म्हणालो, वायर सडलीय, आता नवा रिमोट घेणार नाही गाडी. आणि जुन्यालाच काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून दिली.

वायर ठणठणीत होती.