बेबीताईंची चप्पल

हे मी नवऱ्याजवळ बोललेली नाही, आईजवळही नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं सगळं बोलते. तुमच्याजवळ बोलते आहे ते तुम्ही फार समजूतदार आहात म्हणून नाही. तुम्ही मला ओळखत नाही आणि तुमची मान मी कधी हातात घेतलेली नाही, एवढंच त्याचं कारण.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अमरावतीत राजापेठेकडे माझा दवाखाना आहे. कंबर, गुडघे, खांदे सगळं येतं माझ्याकडे, पण मानेचे पेशंट सगळ्यांत जास्त. पूर्वी मान धरायची ती कारकुनांची आणि शिवणकाम करणाऱ्यांची. आता ज्याच्या हातात मोबाईल, त्याची मान माझ्या हातात. आणि खरं सांगू का — मला पेशंट आवडत नाहीत. कधीच आवडले नाहीत. लोकांना वाटतं, या मॅडम किती मायेनं शेकतात. माया कसली? शेकायची पिशवी गरम असते, बाई गरम नसते.

का आवडत नाहीत? कारण त्यांना बरं व्हायचं नसतं, त्यांना मशीन लावून घ्यायचं असतं. "मॅडम, आज मशीन नाई लावलं." अरे बाबा, मशीननं दोन घटका बरं वाटेल, पण मान बरी होते ती घरी रोज केलेल्या व्यायामानं. हनुवटी आत घ्या, खांदे मागे घ्या, तळहातानं डोक्याला रेटा द्या आणि मान हलू देऊ नका. अर्ध्या तासानं खुर्चीवरून उठा. उशी पातळ घ्या. यात न समजण्यासारखं काय आहे? पण नाही. गळ्याला पट्टा बांधून महिनाभर मिरवतील, त्या पट्ट्यानं मानेचे स्नायू आणखी लुळे पाडून घेतील, कुणाच्या तरी सांगण्यावरून मान कडाकडा मोडून घेतील, आणि मग माझ्याकडे येऊन म्हणतील की फरक नाही.

आणि खोटं बोलतात. "केले का व्यायाम?" "हाव मॅडम, रोजचे करतो." म्हटलं, दाखवा. की लागला माणूस कोंबड्यासारखी मान पुढे काढायला. ही माझी ठरलेली युक्ती होती. मी पडदे बाजूला सारायचे आणि सगळ्यांसमोर करून दाखवायला लावायचे. शेकत पडलेले, मान ताणायच्या मशीनला बांधलेले, सगळे बघायचे आणि हसायचे. ज्याची उद्या पाळी, तोही हसायचा. मी त्याला परीक्षा म्हणायचे. मला ते फार आवडायचं, हेही आता लपवत नाही.

मला डॉक्टर व्हायचं होतं. मार्क पडले नाहीत आणि मी इकडे आले. माझे वडील वकील होते. नातेवाइकांत ते सांगायचे, "आमची पोरगी डॉक्टरच आहे तशी." तो 'तशी' मी आयुष्यभर ऐकला. बाहेर लोक तेवढंही म्हणत नाहीत, मालिशवाल्या मॅडम म्हणतात. हे मी कशाला सांगते आहे? तुम्हाला माझी दया यावी म्हणून? नको. तुमची दया तुमच्याजवळ ठेवा. तुसडेपणा माझ्यात आधीपासून होता, आणि कमी मार्क पडलेल्या सगळ्याच मुली काही अशा होत नाहीत.

तर बेबीताई.

आमच्या वऱ्हाडात साठीची बाई असली तरी तिचं नाव बेबी असू शकतं. बेबीताई ब्लाऊज शिवायच्या. नवरा, मधुकरराव, कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले, आणि एक मुलगी अकोल्यात दिलेली. घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन. नवरात्रापासून लग्नसराईपर्यंत मान वर करायला फुरसत नाही इतकं काम. त्यांच्या मानेबद्दल मला तिळमात्र शंका आली नाही. शिंपीणबाई, वाकून वाकून मान धरली, यात तपासायचं काय? मी मशीनची उंची वाढवायला सांगितली, व्यायाम शिकवले, शेक सुरू केला आणि मान ताणायला लावली.

फरक पडला नाही. फरक पडला नाही म्हणजे बाई व्यायाम करत नाही — माझ्याकडे दुसरं उत्तरच नसायचं. मी पडदे सारले आणि म्हटलं, दाखवा. आणि बेबीताईंनी दाखवले. सगळेच्या सगळे, अगदी बरोबर, मी शिकवले होते तसे. तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं ना? जी बाई सगळं नीट करते आहे आणि तरी बरी होत नाही, तिचं दुखणं काही वेगळं असेल, हे पहिल्या वर्षाच्या पोरीलाही सुचेल. मी काय म्हटलं असेल? "इथे बरोबर करता, घरी करत नसाल."

त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, सुईत दोरा जाऊनच नाही राहिला. हूक लावतानी बोटं चुकतात माह्ये."

मी म्हटलं, "चष्मा बदला." त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. दोरा जात नाही म्हणजे डोळे गेले, यात बोटांचा काय संबंध? पण त्या बोटांचं बोलल्या होत्या. डोळ्यांचं मी बोलले.

पुढचं सांगायला जीभ अडते. पण आता इथवर आलेच आहे, तर सांगते. कार्तिकात त्या कौंडण्यपूरच्या जत्रेला गेल्या. रुक्मिणीचं माहेर ते, आमच्याकडच्या बायका हौसेनं जातात. परत आल्या आणि शेकायच्या पलंगावर आडव्या पडल्या पडल्या मला म्हणाल्या, "जत्रेत पायातली एक चप्पल निसटली, मॅडम. मले पत्ताच नाई. एका बाईनं सांगतलं तवा खाली पाह्यलं. पाय आपला हाय का कोनाचा, समजूनच नाही राहिलं."

देवाच्या दारात चप्पल हरवली की पीडा गेली, असं आपल्याकडे म्हणतातच. मी तेच म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बरं झालं, चप्पल गेली, पीडा गेली. आता पट्ट्याची घ्या." सगळी खोली हसली. बेबीताईसुद्धा हसल्या. आणि मी त्यांची मान ताणायच्या मशीनला बांधली.

तुम्हाला कळलं का मी काय केलं? नसेल तर सांगते, अगदी साधं आहे. मानेच्या मणक्यांतून मज्जारज्जू जातो. तो दाबला जायला लागला की आधी बोटांचं बारीक काम चुकतं — बटण, हूक, सुई. मग पावलांचा नेम जातो, पायातली चप्पल कधी निसटली ते कळत नाही. अशा माणसाची मान ताणायची नसते. त्याला त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरकडे पाठवायचं असतं. हे मी शिकले आहे, त्यावर पेपर लिहिला आहे आणि पासही झाले आहे. बेबीताई शिकल्या नव्हत्या, तरी त्यांनी पुस्तकातली दोन्ही लक्षणं त्याच क्रमानं माझ्यापुढे आणून ठेवली. मी त्यांच्यावर लोकांना हसवलं.

चूक म्हणाल? हो, चूक. पण नुसती चूक कुणी एवढी दडवून ठेवत नाही. चुका सगळ्यांच्याच होतात आणि चार लोकांत डोळे पुसून सांगितल्या की उलट मान मिळतो. माझं दडवलेलं याच्या पुढचं आहे.

बेबीताई यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, कंटाळल्या. पेशंट कंटाळतातच, मीही त्यांना कंटाळलेलीच असते. नंतर कळलं ते असं — मुलीकडे अकोल्याला गेल्या होत्या, तिथे न्हाणीच्या उंबऱ्याशी पडल्या. तिथल्या डॉक्टरांनी मुठीची भराभर उघडझाप करायला लावली, सरळ रेषेत चालायला लावलं आणि लगेच मानेचा फोटो काढायला पाठवलं. नागपुरात ऑपरेशन झालं. पुढचं बिघडायचं थांबलं. पण गेलं होतं ते परत आलं नाही. बोटं तशीच राहिली.

उन्हाळ्यात मधुकरराव त्यांना घेऊन माझ्याकडे आले. भांडायला नाही हो. आमच्याकडची ही माणसं डॉक्टरशी भांडत नाहीत, आणि मला तर ती डॉक्टरच समजत होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी म्हटलं होतं की हे आधी लक्षात यायला पाहिजे होतं, तुम्ही कुणाला काही सांगितलं नाही का? तेच विचारायला आले होते. बेबीताईंना त्यांनी धरून खुर्चीत बसवलं. कूलरचा वारा येत होता आणि त्यांच्या खांद्यावरून पदर घसरत होता. त्यांच्या बोटांना तो धरता येत नव्हता. मधुकररावांनीच तो सारखा केला. मग मला म्हणाले, "मॅडम, हिनं तुमाले कदी हातापायाचं काई सांगतलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण मी पुढे बोलले. "सांगितलं असतं तर त्याच दिवशी पाठवलं असतं. काय आहे ना भाऊ, बायका अंगावर काढतात. आम्हाला काही सांगतच नाहीत."

मधुकरराव बायकोकडे वळले. "तुले तोंड नोतं काय वं?"

बेबीताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. सुईचं बोलतील, जत्रेचं बोलतील, पट्ट्याच्या चपलेचं बोलतील. ते बोलल्या असत्या तर मी काय केलं असतं, तेही सांगते — त्यांना आठवत नसेल, असं म्हटलं असतं. तेवढी तयारी माझी त्या क्षणात झाली होती.

त्या म्हणाल्या, "नसन सांगतलं. इसरली असन मी."

माझ्यावर विश्वास ठेवून म्हणाल्या? शिकलेली बाई म्हणते तर तसंच असेल, असं वाटलं त्यांना? की सगळं ओळखून मला सोडून दिलं? मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी त्यांना नवे व्यायाम लिहून दिले, बोटांचे, चिमटीत डाळीचे दाणे उचलायचे. मधुकररावांनी हात जोडले आणि दोघं गेले.

आता तुम्हाला वाटेल की त्यानंतर मी सुधारले. पडदे सारायचे सोडले, सगळ्यांची बोटं तपासायला लागले. हो, तपासते. दोघांना वेळेवर पाठवलंही. पण त्याचं कौतुक नको, कारण मी दुसरंही एक सुरू केलं. 'मान सांभाळा' या विषयावर मी व्याख्यानं देते — कॉलेजात, बँकांत, महिला मंडळांत. समोर शंभर माणसं माना खाली घालून मोबाईल बघत असतात आणि मी त्यांना मान खाली घालू नका म्हणून सांगत असते. त्यांनी वर बघावं म्हणून एखादी गोष्ट लागते. मी बेबीताईंची गोष्ट सांगायला लागले. नाव न घेता. 'आमच्याकडे एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. सुई ओवता येईना, चप्पल निसटायला लागली, पण त्यांनी कुणाला सांगितलंच नाही.' लोक वर बघायचे. गोष्ट चांगली चालायची. चालली म्हणून मी तीच तीच सांगत गेले.

यंदा अकोल्याच्या एका महिला मंडळात सांगत होते. संपता संपता तिसऱ्या रांगेतली एक बाई उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, ते माही मावशी होय. बेबीमावशी. खरंच सांगतलं नाई तिनं कोनाले. काका तं आजबी बोलतात तिले. आमीबी बोलतो. ताटातलं सांडलं की म्हंतो, तवाच तोंड उघडलं असतं तं आज हातानं जेवली असती."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माईक माझ्या हातात होता. किती सोपं होतं! 'तिनं सांगितलं होतं' — तीन शब्द. त्या घरात त्या दिवसापासून तिला कुणी बोललं नसतं.

मी आवाज मऊ केला. म्हटलं, "जाऊ द्या ताई, आता बोलू नका त्यांना. चूक माणसाकडूनच होते. आपण मोठ्या मनानं माफ करावं."

त्या बाईनं डोळे पुसले आणि सभागृहात टाळ्या झाल्या. अध्यक्षीण बाई म्हणाल्या, अशी माणुसकी असलेल्या डॉक्टर आता राहिल्या नाहीत. मग मला शाल आणि नारळ दिला. मी वाकून घेतला.