जोंगाच्या पॅडलची चमक

त्या जोंगाच्या ब्रेकच्या पॅडलला पॉलिश मी लावले होते. हे वाक्य मी पंचवीसहून अधिक वर्षे गिळून बसलो होतो. यंदा मोहाची फुले पडण्याच्या दिवसांत ते प्रथम तोंडाबाहेर पडले, म्हणून आता लिहिण्याचा अधिकार मला मिळाला असे मी समजतो.

आमची पलटण तेव्हा उत्तरेच्या डोंगरात होती. नाईक मारोती मडावी आणि मी, दोघेही मोटार ट्रान्सपोर्ट प्लाटूनचे ड्रायव्हर. तो कुरखेड्याकडचा, मी चिमूरचा. आमच्या मुलखाचा तिसरा माणूस होता सिपाही रामदास नागोसे, नागभीडजवळचा, रेडिओ ऑपरेटर. आम्ही तिघे ताटे घेऊन एकत्र बसलो की लंगरचा आचारी ओरडे, "लो, जंगल की पार्लमेंट बैठ गई."

मारोतीकडे जोंगा होती. जीपपेक्षा मोठी, ट्रकपेक्षा लहान, चढावर न दमणारी. आज शहरातले शौकीन ती जुनी गाडी शोधत फिरतात. आमच्यासाठी ती रोजची ड्यूटी होती. एक गाडी, एक ड्रायव्हर, असा नियम होता. मारोती तिच्याशी गोंडीत बोलत असे आणि दुसऱ्या कोणाला तिच्या बॉनेटवर मगसुद्धा ठेवू देत नसे.

हा नियम मोडला जाई तो फक्त इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी. जनरल साहेब येणार म्हटले की दगडांना चुना लागे, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागे. गाड्यांसाठी आमचा एक काढा असे: बुटाचे काळे पॉलिश, जळके ऑइल आणि थोडे डिझेल. टायर, मडगार्डचे रबर, पायाखालची मॅट, सगळ्यांवर तो फिरे. पॅडलवर लावायचा नाही, हे उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात बजावले होते. परंतु मागच्या इन्स्पेक्शनला एका साहेबांनी "पॅडल मैले हैं" असा शेरा मारला होता, आणि त्यावरून संपूर्ण प्लाटूनची सुटी कापली गेली होती. या खेपेला आदल्या दिवशी मारोती गार्ड ड्यूटीवर होता. त्याची गाडी मी सजवली. पॅडलसकट.

संध्याकाळी तो आला आणि गाडीभोवती फिरला.

"काय गा वासुदेव, माह्या गाडीले नवरीच केलीस!"

दुसऱ्या दिवशी जनरल साहेब रांगेसमोरून चालत गेले. त्यांनी एकाही गाडीचे दार उघडले नाही. आजही हे आठवले की माझी कानशिले तापतात. ज्या चमकेसाठी आम्ही दिवसभर घासत होतो, ती कोणी पाहिलीसुद्धा नाही. इन्स्पेक्शन संपताच पॅडल पेट्रोलच्या फडक्याने पुसून काढायचे, हे मला ठाऊक होते. मी व्हॉलीबॉल खेळायला गेलो.

पुढच्या सकाळी सहाला मारोतीला वरच्या पोस्टवर बॅटऱ्या पोहोचवण्याचे काम मिळाले. मागे रामदास, रेडिओ सेटसह. रस्त्यावर बर्फाचे पाणी वाहत होते. मी एमटी ऑफिसात होतो आणि बाजूच्या सेटवर रामदासचा आवाज येत होता.

"चार्ली फॉर टायगर. पहिला मोड पार. ओव्हर."

"टायगर, रॉजर. आगे बढ़ो. ओव्हर."

"चार्ली. आगे पत्थर गिरा है, रुककर देखते हैं. ओव्हर."

त्यानंतर सेटवर फक्त खरखर राहिली. तळावरून टायगरने चार वेळा हाक दिली.

मारोती दारातून बाहेर फेकला गेला आणि वाचला. रामदास सेटच्या पट्ट्यात अडकून गाडीबरोबर दरीत गेला, तो गेलाच.

चौकशीत मारोतीने सांगितले की ब्रेकवरून पाय घसरला. "बुटाले चिखल असन, साहेब. मी बूट पुसला नाई." त्याच्या मनात गाडीविषयी शंका आलीच नाही, गाडी मी तयार केली होती ना! मला एकच प्रश्न विचारला गेला.

"गाडी फिट थी?"

"फिट थी, सर."

निष्कर्ष निघाला, ड्रायव्हरची चूक. मारोतीचे प्रमोशन गेले, आणि पुढे त्याने स्टीअरिंगला हात लावला नाही. निवृत्त होऊन दोघेही घरी आलो. तेव्हापासून मी एक गोष्ट पाहत आलो आहे. बस असो, ऑटो असो, कोणाची मोटारसायकल असो, मारोती चढण्याआधी दगडावर पायताणाचे तळवे घासून घेतो. लोक हसतात. मी मान फिरवीत असे.

गेल्या दिवाळीनंतर त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. आता काठीच्या आधाराने अंगणापर्यंत येतो, बोलणे जड पण स्पष्ट आहे. त्याची खरी जन्मतारीख कोणाला ठाऊक नाही. शाळेच्या मास्तरांनी दाखल्यावर एक जुलै टाकली. आईने मात्र सांगून ठेवले होते, मोह पडायला लागला तेव्हा झाला. म्हणून ताराबाई, त्याची पत्नी, मोहाचा पहिला सडा पडला की त्याला ओवाळते. यंदा जावयाने एक बेत केला. नागपूरच्या एका तरुणाकडे दुरुस्त केलेली जोंगा होती. ती वाढदिवसाला अंगणात आणायची.

मी सकाळी कुरखेड्यात उतरलो आणि चौकातच माझे डोके फिरले. तेथे फ्लेक्स लागला होता: वीर जवान मारोतीभाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. वीर जवान कोपऱ्यात, तिकिटाएवढा. मधोमध स्थानिक पुढारी, गॉगल लावून. हा मनुष्य मारोती दवाखान्यात असताना एकदाही फिरकला नव्हता.

अंगणात तोच सर्वांत पुढे होता. जोंगा आत आली तसा तो ओरडला, "मारोतभाऊ, या बारीनं दरीत नको टाकू बा! आमच्या इथी दरी नाई, बोडी हाय!"

त्याने गावतळ्याकडे हात केला. सगळे हसले. मारोतीही हसला. "पोहता येते न तुले? मंग बस मांगं," तो म्हणाला.

मला संताप आला. पण कोणाचा? पुढाऱ्याने तेच म्हटले होते जे सरकारी कागदाने म्हटले होते, आणि त्या कागदाला मी माझी जीभ दिली होती.

दोघांनी मारोतीला धरून गाडीपाशी नेले. त्याने बॉनेटवर डावा हात फिरवला, बराच वेळ. मग थांबला.

"तारा, माह्या पायाचा तळवा पूस."

"साफच हाय न जी."

"पूस म्हनलो न."

ताराबाई खाली बसली आणि पदराने त्याचा तो निर्जीव, अनवाणी तळवा पुसू लागली. त्याला सीटवर बसवले. त्याने डाव्या हाताने उजवी मांडी उचलून पाय ब्रेकवर ठेवला. पाय घसरला आणि खाली आपटला. मी वाकून पाहिले. पॅडलचे रबर काळेभोर चमकत होते.

"हे कोणी केलं?"

"मीच, काका," नागपूरचा तरुण कौतुकाने म्हणाला. "फोटोत छान दिसतं. टायर, पॅडल, सगळ्यालाच..."

"चावी काढ! कोणी हात लावायचा नाही!"

मी कधी आवाज चढवीत नाही. अंगणातील कुत्रेसुद्धा उठून गेले. मी गुडघ्यांवर बसलो, खांद्यावरचा दुपट्टा घेतला आणि पॅडल पुसू लागलो. दुपट्टा काळा झाला तरी पुसत राहिलो.

"वासुदेव," मारोती वरून म्हणाला, "काऊन रडून राह्यला बे? वाढदिवस माहा हाय."

"तुह्या बुटाले चिखल नव्हता, मारोती."

"आं?"

"पॅडलले पॉलिश होतं. मी लावलं होतं. पुसाचं होतं, पुसलं नाई. साहेबानं विचारलं तवाबी सांगतलं नाई."

पुढारी काही बोलू पाहत होता. ताराबाईने त्याच्याकडे पाहिले आणि तो मागे सरकला. मारोती समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिला. त्याने मला शिवी द्यावी, काठी मारावी, असे मला वाटत होते. त्याने फक्त विचारले,

"रामदासच्या घरी सांगतलंस?"

"नाई."

"त्याच्या बायकोनं, शकूनं, माह्या घरचं पानीबी पेलं नाई इतके वर्सं. मी बोलावलंबी नाई. कोन्या तोंडानं बोलावू?" त्याचा श्वास चढला होता. "तुहं तोंड होतं, तं तू लपवून ठेवलं."

मग तो त्या तरुणाला म्हणाला, "बापू, तू चालव. नागभीडकडं घे."

त्याला बाजूच्या सीटवर हलवले. ताराबाई पुन्हा पदर घेऊन त्याच्या पायाशी वाकली. त्याने डाव्या हाताने तिला थांबवले.

"राहू दे वं. आता नाई पुसाचं."

वडशाच्या पुढे एकदा मारोतीने कान देऊन इंजिन ऐकले आणि तो म्हणाला, "टॅपेट वाजून राह्यले." एवढेच.

रामदासच्या घरासमोर गावाने बांधलेला एक लहान चौथरा आहे. त्यावर त्याचे नाव आहे, आणि नावाखाली कोणीतरी रेडिओ सेट कोरला आहे, एरियल थोडे वाकडे. शकुबाई पडवीत मोह वाळत घालीत होत्या. त्यांनी गाडी पाहिली, मग मारोतीला पाहिले, आणि उठून आत जायला निघाल्या.

मी चपला काढल्या. चौथऱ्यासमोर सावधान उभा राहून रामदासला सॅल्यूट केला. मग वळलो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"वहिनी, थांबा. मारोतीची चूक नव्हती. रामदास माह्यामुळं गेला. मारोतीले तुमी इतके वर्सं जो दोष देला, तो माहा होता. मले माफी करा."