दोन इंच सैल

सरांनी खिशातून टेप काढली तशी मी एक पाऊल मागे सरकले.

"छाती, कंबर, मांडी, दंड. उभी राहा सरळ," ते म्हणाले. शेडमध्ये आम्ही दोघंच नव्हतो. ऑफिस सांभाळणारी लांज्याची ताई फोनवर कुणाला तरी बुकिंगची वेळ देत होती, आणि तिचे डोळे आमच्याकडे होते.

"घरून घेऊन येते," मी म्हटलं.

"घरून?"

"आई शिवणकाम करते. तिला मापं घेता येतात."

सर कोल्हापूरकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. माणसाला छातीशी बांधून विमानातून उडी मारायची, हे त्यांचं काम. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टेप गुंडाळली. "आण. पण बरोब्बर पाहिजेत बघ. पंजाबी ड्रेस न्हवं हा."

रत्नागिरीच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, त्या वर्षी पहिल्यांदाच उड्यांचं शिबिर भरणार होतं. हौशी पाहुणे येणार, सरांच्या छातीशी पट्ट्यांनी जखडले जाणार आणि दहा हजार फुटांवरून खाली येणार. त्यांच्या समोर हवेत राहून चित्रण करायला कुणीतरी हवं होतं. मी परदेशात नोकरीला असताना उड्या मारायला शिकले होते. हेल्मेटवर कॅमेरा लावायला किमान दोनशे उड्या झालेल्या असाव्यात असा संकेत आहे, त्या झाल्या होत्या. कॅमेरा सूट मात्र मी कधी घातला नव्हता.

कॅमेरा सूट म्हणजे साधा उडीचा पोशाख, फक्त मनगटापासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंना कापडाचे पंख असतात. हात पसरले की पंखात हवा भरते आणि पडण्याचा वेग कमी होतो. मिटले की वेग वाढतो. समोरच्यांच्या बरोबरीनं राहायचं ते या पंखांच्या जोरावर. विचारण्यापेक्षा वाचलेलं मला बरं वाटतं, म्हणून मी सापडेल ते सगळं वाचून काढलं. वजनदार माणसाला मोठे पंख लागतात, हलक्याला लहान. खरखरीत कापड हवा धरतं, गुळगुळीत कापड सोडून देतं. मी हलकी. माझी भीती हळू पडण्याची होती, म्हणून लहान पंख आणि गुळगुळीत कापड निवडलं. निवड बरोबर होती. सरांनीही मान डोलावली.

आई शाळेत शिकवते आणि संध्याकाळी मशीनवर बसते. स्वयंपाकघराच्या दाराशी उभं करून तिनं माझी मापं घेतली. एकेक आकडा मनाशी पुटपुटायची, क्षणभर थांबायची आणि मग मोठ्यानं सांगायची. मी फोनवर टिपून घेत होते. त्या थांबण्याकडे माझं लक्ष गेलं नाही. टेप अंगाला लागते तेव्हा मी दुसरीकडे बघते, लहानपणापासून.

सूट परदेशातून शिवून यायला वेळ लागला. आला तेव्हा कपाटाच्या आरशात स्वतःला पाहून मला बरंच वाटलं. कुठे आवळत नव्हता, काही दिसत नव्हतं.

पहिल्या काही उड्या एकटीच्या होत्या. त्याआधी घरी स्टुलावर पोटावर झोपून हात पसरायचे, मिटायचे, मग उजवा हात मागे नेऊन पाठीच्या पिशवीखालची मूठ शोधायची. ती मूठ ओढली की पॅराशूट उघडतं. पंख मध्ये येत असल्यामुळे हात नेहमीच्या वाटेनं जात नाही, ती नवी वाट हाताला पाठ व्हावी लागते. आई भाजी चिरता चिरता बघायची आणि काही विचारायची नाही. मी उड्या मारते हे तिला माहीत होतं. आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो, एवढंच.

हवेत पंख पहिल्यांदा उघडले तेव्हा खांदे उखडतील असं वाटलं. कुणीतरी दोन्ही काखांत हात घालून वर उचलावं तसं. फार आवडलं मला ते. त्याच्यात काही चुकत असेल असं मनातही आलं नाही. एकटीनं पडताना बाजूला मोजायला दुसरं कुणी नसतं.

पाहुणे यायला आठवडा उरला होता. सरांनी ताईला तयार केलं. ती पाहुणी होणार, ते तिला बांधून उडी घेणार, मी समोर राहून चित्रण करणार.

विमान वर चढत असताना ते माझ्याकडे वळले. इंजिनाच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागत होतं. "एकच गोष्ट ध्यानात ठेव. माझ्या डोक्यावर यायचं न्हाई. समोर राहा, खाली राहा, लांब गेलीस तरी चालंल. माझं पॅराशूट वरच्या बाजूला उघडतंय. तू तिथं असलीस तर ते तुझ्यात घुसणार. मग तिघंबी गेलो."

"अहो सर, माझ्यासमोर कशाला बोलता!" ताई किंचाळली.

"आणि आज-उद्यात जमलं न्हाई तर कॅमेऱ्याला पुण्याचा माणूस बोलावणार मी. वाईट वाटून घेऊ नको."

दार उघडलं. मी बाहेरच्या पायरीवर गेले, दांडा धरून लोंबकळत राहिले. सरांनी मान हलवून इशारा केला आणि आम्ही सुटलो.

सुरुवातीला ती दोघं समोरच होती. ताईचं तोंड उघडं, गाल वाऱ्यानं फडफडत होते. दोन माणसांचं वजन फार वेगानं जाऊ नये म्हणून सर एक छोटं पॅराशूट मागे सोडतात. ते सुटलं, त्यांचा वेग स्थिर झाला, आणि ताईचा चेहरा माझ्या चौकटीतून खाली सरकायला लागला.

मी हात थोडे मिटले. काही फरक नाही. अजून मिटले. आता मला ताईचं कपाळ दिसत होतं, मग हेल्मेट, मग सरांची पाठ. हात पूर्ण अंगाशी घेतले तर तोल जातो. मी डुगडुगायला लागले. माझ्या अंगावरचं सगळं कापड फडफड वाजत होतं. मी खाली पाहिलं तर ते छोटं पॅराशूट माझ्या बुटांच्या पातळीवर होतं. इतकं जवळ की त्याची शिवण दिसत होती.

मी त्यांच्या डोक्यावर होते.

सरांना मागचं दिसत नाही. ते समोर मला शोधत असणार. ठरलेल्या उंचीला ते पॅराशूट उघडणार, मी दिसो वा न दिसो. मी डोकं खाली घातलं, पाय ताणले आणि तिरकी निघाले, समुद्राच्या दिशेनं. चित्रणाचा विचारच सोडला. मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांचं पॅराशूट उघडलेलं होतं. मी जिथे होते त्या जागेवर ते होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

खाली आल्यावर ताईनं आधी चित्रण मागितलं. लॅपटॉपवर तिच्या हेल्मेटचा वरचा भाग दिसत होता, मग सरांची पाठ, मग नुसता समुद्र.

"काय गो? एवढं मरायला वर गेले मी, आणि तू माझ्या टकुऱ्याचा फोटो काढलायस?"

सर हसले नाहीत. त्यांनी ती चौकट थांबवली, आणि स्क्रीनवरचं ते छोटं पॅराशूट बराच वेळ बघत राहिले. मग उठून माझ्याजवळ आले, "हात वर," म्हणाले, आणि माझ्या बगलेखालचं कापड मुठीत धरलं. मूठ भरली. दुसऱ्या बाजूला धरलं. तिथेही भरली. मांडीशीही तेच. पंखसुद्धा मापापेक्षा रुंद आले होते, कारण ते याच आकड्यांवरून कापतात.

"हे आईनं घेतलेलं माप?"

मी मान डोलावली.

"पोरी, शीड घालून पडत होतीस तू," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "उद्या दुपारपर्यंत बघतो. न्हाईतर पुण्याच्या माणसाला फोन लावणार."

घरी आले तेव्हा आई वह्या तपासत होती. मी सूट टेबलावर ठेवला. "आई, मापं घेताना काही वाढवलं होतंस का?"

"वाढवायला काय, जेवढं वाढवतात तेवढंच. दोन इंच."

"कशाला?"

"एक आटायला, एक अंग भरायला." तिनं चश्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मुलीचं माप कुणी नेमकं देतं काय गो? आणि तुला तरी कधी अंगासरशी कापड चाललंय? सैल शिव, सैल शिव, म्हणून तूच मागे लागायचीस."

"हे नायलॉन आहे, आई. आटत नाही."

"मला काय माहीत? घट्ट झालं असतं तर? सैल असलं तर काय बिघडतं?"

हा प्रश्न तिनं सहज विचारला होता. मला 'काही नाही' म्हणता आलं असतं. तेच माझं नेहमीचं उत्तर. पण तिच्या हातात सूट द्यायचा तर ती कशाला हात घालतेय हे तिला माहीत असायला हवं होतं. मी सांगितलं. सैल कापड हवा धरतं, त्यामुळे मी हळू पडते. हळू पडले की त्यांच्या डोक्यावर जाते. आणि त्यांच्या डोक्यावर पॅराशूट उघडतं.

"मग?"

"मग तिघंही."

आईनं पेनाला टोपण लावलं. "आज?"

"आज मी वर होते."

ती उठून आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती मशीनवरचं कापड काढून, दिवा ओढून घेऊन बसली होती. सूट उलटा करून तिनं शिवणीवर बोट फिरवलं, आणि तिचं बोट थांबलं.

"हे माझ्याकडून नको," ती म्हणाली. "बाजारात दे कुणाला तरी. माझ्या हातचा टाका सुटला वर, तर मी काय करायचं?"

"टाका सुटला तर पंख फडफडेल, एवढंच. पॅराशूट वेगळं असतं. आणि सर प्रत्येक शिवण बघणार आहेत."

"खरं सांगतेयस?"

"खरं."

"आज सकाळी निघतानाही काही बोलली नव्हतीस."

तिनं टेप घेतली. "ये इकडे. नेमकं घेणार आहे."

या वेळी मी दुसरीकडे पाहिलं नाही. तिच्या बोटांकडे पाहत राहिले. ती आकडा पुटपुटून थांबली नाही. दोन्ही बगला, मांड्या, पंखांची कड, सगळं तिनं उसवलं, टाचलं, मला घालायला लावलं, परत उसवलं. शेवटची टीप मशीनवर घातल्यावर तिनं दोन्ही हातांनी कापड दोन बाजूंना ओढलं, दात ओठ खाऊन, फाडायचंच आहे असं. ते फाटलं नाही. तिनं पुन्हा एक टीप घातली.

दुसऱ्या दिवशी सरांनी सूट उन्हात धरून टाक्यांवरून नजर फिरवली. मग मला घालायला सांगितला, बगलेत चिमूट धरायला गेले, ती धरता आली नाही. मी सगळ्यांसमोर तशीच उभी होते. ताई म्हणाली, "अगो, कंबर आहे होय तुला!" माझे कान तापले. पण विमान सुरू झालं होतं आणि मला त्याहून मोठी भीती होती.

पायरीवर लोंबकळताना खाली पूर्णगडाकडची खाडी चकाकत होती. सरांनी मान हलवली. सुटलो.

छोटं पॅराशूट उघडलं. मी ताईच्या नाकाकडे पाहत राहिले. नाक खाली गेलं नाही. किंचित वर गेलं. मी हात बोटभर उघडले आणि नाक परत मधोमध आलं. मला हे किती नाजूक काम आहे ते तेव्हा कळलं, कारण पहिल्यांदाच हवा माझं ऐकत होती. एकदा वाऱ्याचा झोत आला आणि मी वर उचलली गेले, ताईचं कपाळ दिसलं. कोपर आत घेतले. एक श्वास, दोन. कपाळ गेलं, चेहरा आला.

सरांनी हात हलवला, उघडण्याची खूण. मी मागे आणि खाली सरकले. वर पाहिलं. ती दोघं झटक्यासरशी माझ्यापासून वर ओढली गेली, आणि त्यांच्यावर ते मोठं निळं कापड फुललं. मी त्यांच्या खाली होते. मग उजवा हात मागे नेला, नव्या वाटेनं, आणि मूठ सापडली.

शेडमध्ये ताईनं चित्रण पाहिलं. "शी! गाल बघ माझे! पुसून टाक हे, नवरा बघेल."

सरांनी शेवटचा भाग पुन्हा लावला, मी मागे सरकते तो. मग आणखी एकदा. "मधी एकदा वर आलीस."

"हो."

"पण कळलं तुला."

"हो."

ते फोन घेऊन बाहेर गेले. शेडच्या पत्र्यापलीकडून ऐकू आलं, "न्हाई, येऊ नका. माणूस मिळालाय आम्हाला."

अंगठ्यातून पंखाची फीत मला काढता येईना. ताईनं न विचारता ती काढून दिली आणि पाण्याची बाटली पुढे केली. पाणी पिऊन मी आईला फोन लावला. शाळेची वेळ होती, वाजून वाजून बंद होईल असं धरून चालले होते. आई वर्गात फोन कधी उचलत नाही.

पहिल्याच घंटीला तिनं उचलला. मागे मुलं पाढे म्हणत होती.

"उतरले," मी म्हटलं.

मुलांचे पाढे तेवढे चालू राहिले. मग ती म्हणाली, "सगळी?"

"सगळी."

"बरं. ठेवते, मुलं बघतायत."