आईला लुंबिनीहून हलवायचं होतं

"लुंबिनी काय परदेश हाय व्हय गं?" आईनं मलाच वेड्यात काढलं. विहारातल्या बायकांसोबत ती बसनं देशाची सीमा ओलांडून निघाली होती, अन् मी तिच्यासाठी प्रवासाचा आरोग्य विमा काढला म्हणून तिच्या उस्मानपुऱ्याच्या घरात माझीच खरडपट्टी चालली होती. "बुद्धाच्या जन्मगावाला चाललेय. तिथं मला काय धाड भरणारे?"

भरली. धर्मशाळेच्या ओल्या न्हाणीघरात पाय घसरला अन् मांडीचं हाड मोडलं. तिथल्या छोट्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलातच, तेही लवकर. नाहीतर या वयात पुन्हा पायावर उभं राहणं अवघड.

मी गारखेड्यातल्या माझ्या घरून विमा कंपनीला फोन लावला. पॉलिसीत स्पष्ट होतं, इलाजाची सोय नसेल तिथून पेशंटला अँब्युलन्सनं हलवणार, गरज पडली तर विमानानंसुद्धा. म्हटलं, झालं काम. कसलं काय! आधी संगीत ऐका, मग एक दाबा, मग चार दाबा, मग जो कुणी भेटेल त्याला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगा. प्रत्येक जण आपला गोड आवाजात, "मॅडम, तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो." गैरसोय? अहो, माझ्या आईचं हाड मोडलंय, नळाला पाणी आलं नाही असं नाही!

शेवटी कळलं, कंपनीचे डॉक्टर आईशी स्वतः बोलणार, मगच परवानगी. ते बोलले. अन् मला निरोप आला: पेशंटला विशेष त्रास नाही, तूर्त हलवण्याची गरज नाही.

आईला फोन केला. "काय सांगितलंस त्यांना?"

"त्यांनी इचारलं, कशा आहात आजी. म्हटलं, बरी हाय. तुम्ही जेवलात का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टर हाडाचं विचारतायत अन् ही त्यांना जेवणाचं! "आई, ते पाहुणे नाहीत! दुखतंय ते सांगायचं असतं!" मी एवढी ओरडले की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

"बरं बाई, वरडू नको," म्हणाली अन् फोन ठेवून दिला.

पुन्हा कंपनीच्या मागं लागले. मरणाची डोकेफोड. अखेर त्याच डॉक्टरांनी परत बोलायचं कबूल केलं, मलाही लाइनवर घेतलं. मात्र मध्ये एक शब्द बोलायचा नाही, ही अट. मी ऐकतेय हे आईला माहीत नव्हतं.

"आजी, खरं सांगा. दुखतंय का?"

अन् माझी आई, जिला मी जन्मात कधी कण्हताना ऐकलं नाही, ती ढसाढसा रडायला लागली. "लई दुखतंय ओ. कूस बदलता येत नाय. जीव जातोय माझा. न्या मला इथनं."

"नेतो आजी. लगेच सोय करतो."

"पण माझ्या पोरीला नका सांगू. लई चिडती ती. मला भ्याव वाटतं तिचं."

मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, हुंदका लाइनवर जाऊ नये म्हणून.