तात्यांचा सायप्रनस

गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आणि उभे कुठं? तर नारायणगावात चिकनच्या दुकानासमोर! आमच्या तात्यांना तिथं पाहिलं वारूळवाडीतल्याच एका बाईनं, आणि मी शाळेत शिकवून घरी पोचायच्या आत ती बातमी गावभर होऊन आमच्या ओट्यावर येऊन बसली होती. तात्या म्हणजे माझे सासरे. घराण्यात तीन पिढ्यांची माळ. ह्या घरात कधी अंडंसुद्धा फुटलं नव्हतं. मी महाळुंगे पडवळची, माहेरी रविवार म्हणजे मटण. लग्न झालं आणि मी ते मुकाट्यानं सोडलं. आणि आता सासरेबुवा चिकनच्या दुकानात! माझं डोकंच सणकलं. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी मी विचारलं, "तात्या, लोक म्हणतात ते खरं का?"

"खरं हाय की," तात्या म्हणाले, आणि बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर उघडली. आत कोंबड्याच्या मानेवरची तांबूस पिसं होती. "दुकानदार येडाच दिसला. म्हनतो, बाबा, पिसं काय करता, तंगडी न्या."

तात्या आता नाहीत. पण ती पिसं कशाला लागत होती हे ज्यांना माहीत नाही, त्यांना तात्या कळायचे नाहीत. म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझ्या नवऱ्याचा पुण्याचा एक मित्र एकदा आमच्याकडं मुक्कामाला आला. त्याला येडगाव धरणाच्या फुगवट्यात महाशीर पकडायचा होता. त्याची तऱ्हा वेगळीच. लांब लवचीक काठी, जाड पिवळी दोरी आणि गळाला गांडूळ नाही, कणीक नाही, तर दोऱ्यानं बांधलेली खोटी माशी. पाहुण्याला वाट दाखवायला तात्या बरोबर गेले. त्याच्या काठीला मासा लागला तेव्हा दोरी अशी सुटली म्हणे, की पाहुणा गुडघाभर चिखलात नाचत होता. "महाशीर, महाशीर" म्हणून ओरडत होता. पंधरावीस मिनिटांनी मासा काठाला आला, तर निघाला सायप्रनस. गोल तोंडाचा, मिशाळ, चिखलात तोंड घालून खाणारा, आमच्याकडं बाजारातसुद्धा ज्याला कुणी मान देत नाही तो सायप्रनस. पाहुण्यानं "शी!" केलं आणि पायानंच त्याला पाण्यात ढकललं.

तात्यांना तो "शी" इतका लागला की जेवताना त्यांनी पाहुण्याला भरल्या ताटावर सुनावलं. "पावणं, राग मानू नका, पन मघाशी तुमी नाचत व्हता त्यो कुनाच्या जिवावर? नाचवला त्यानं, आन नाव दुसरं निघालं तर लगेच शी? असं माणसांचं करतात लोक, माशाचं बी करायला लागले?" पाहुणा ओशाळला. दुसऱ्या दिवशी गेला तो काठी आमच्याकडंच विसरून गेला, आणि पुन्हा काही आला नाही. काठी तात्यांची झाली.

पुढचे सहा महिने आमच्या घरानं काय काय भोगलं ते आमचं आम्हाला माहीत. तात्या मोबाइलवर कुणा गोऱ्या माणसाचे व्हिडिओ लावायचे, आवाज बंद करून. "त्याचं बोलनं कशाला आइकायचं? हात बगायचा." मग अंगणात काठी फिरवायला सुरुवात. पहिल्या आठवड्यात दोरीवरचे कपडे, दुसऱ्या आठवड्यात शेजारणीची कोंबडी, आणि एकदा तर अंगणातून चाललेल्या सासूबाईंचा पदर. सासूबाई तिथंच उभ्या राहून म्हणाल्या, "चाळीस वरसं झाली, आता लागला व्हय गळाला?" माझ्या शिलाई मशीनची रिळं एकामागून एक गायब व्हायला लागली. रस्त्यानं मेंढरं चालली की तात्या मेंढक्याला थांबवायचे, रामराम करायचे आणि मेंढराच्या पाठीवरून हात फिरवून चिमूटभर लोकर मागायचे. मेंढके हसायचे, पण द्यायचे. सगळ्या तालुक्याला वाटायला लागलं होतं की वारूळवाडीचा म्हातारा हलला.

पण माशी बांधावी तात्यांनीच. फुगवट्याच्या काठाला एक उंबर वाकलेला आहे, त्याची पिकली फळं पाण्यात पडली की सायप्रनस गोळा होतात. तात्यांनी लोकर माझ्या कुंकवात रंगवून हुबेहूब उंबर बांधलं. वर कोंबड्याच्या पिसाचा एक फेर. मी चिडून म्हटलं, "अहो, त्या बिनडोक माशासाठी एवढा उद्योग?" तर तात्या चष्म्यावरून बघत म्हणाले, "बिनडोक? आगं, महाशीर तापट गडी, दिसलं की घातलं तोंड. सायप्रनसाचं तसं न्हाई. त्यो आदी लांबनं बगतो. मंग जवळ येतो. मंग तोंडात घेतो, चव बगतो आन न्हाई पटलं तर थुकून देतो. ह्या घरात असं फकस्त तुझी सासू करते."

लागलेला मासा ते कधी घरी आणत नसत. ओल्या हातांनी धरायचा, गळ काढायचा, पाण्यात तोंड प्रवाहाकडं करून उभा धरायचा आणि तो शेपूट मारून निघाला की "जा राजा" म्हणायचे. मासा खायचा नाही, मारायचा नाही, विकायचा नाही. त्यांच्या दृष्टीनं माळेला काही धक्का नव्हता. गावाच्या दृष्टीनं होता.

इथं बबनबुवांबद्दल सांगायला हवं. बुवा आमच्या भजनी मंडळाचे प्रमुख, तात्यांचे बालमित्र आणि स्वभावानं कडक. मारुतीच्या देवळातल्या सप्ताहाला शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला वीणा घेऊन उभं राहायचा मान तात्यांचा. तात्या वीणा घेऊन उभे राहिले की कीर्तनकारापेक्षा बायका त्यांच्याकडंच बघायच्या, इतके तल्लीन व्हायचे. वर्षभर त्या माणसानं दुसऱ्या कशाची वाट पाहिली नाही. आणि सप्ताह तोंडावर आलेला असताना बुवा आमच्या ओट्यावर येऊन बसले, चहाला नाही म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"तात्या, एक तर माळ, न्हाईतर काठी," बुवा म्हणाले. "दोनी गळ्यात अडकवून वीना धरता यायची न्हाई. मंडळातली पोरं मला इचारत्यात, काय सांगू?"

"मी मारत न्हाई, बुवा. गळाचा उलटा दात बी पकडीनं दाबून टाकलाय. निस्ता तोंडाला लागतो आन निघतो. त्याला काय बी व्हत न्हाई."

"कशावरनं?"

"म्हंजी?"

"काय बी व्हत न्हाई ते कशावरनं? मासा सांगून गेला? घाला तुमच्या तोंडात आन मंग सांगा!" बुवा तरातरा उठले आणि निघून गेले.

बुवांनी ते रागाच्या भरात म्हटलं होतं. दुसरा कुणीही असता तर सोडून दिलं असतं. पण आमचे तात्या! संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते, तर ओट्यावरून हाक आली, "सूनबाई, जरा हिकडं ये, काठी धर." बाहेर जाऊन बघते तर तात्या खांबाला टेकून बसलेले, खालच्या ओठात गळ, गळाला उंबराची माशी आणि दोरी सरळ काठीपर्यंत.

"काठी उचल आन वढ," तात्या जमेल तसं बोलले. "मासा वढतो तेवढं."

"मी नाही असलं काही करणार!" मी ओरडले.

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. त्यांनी एकदा तात्यांकडं पाहिलं, एकदा काठीकडं, आणि पदर खोचला. "आन हिकडं," त्या म्हणाल्या, "मी वढते." आणि ओढलं! चाळीस वर्षांचा हिशेब असल्यासारखं ओढलं. गळ निघाला, पण जाताना ओठ फाडून गेला. नारायणगावच्या डॉक्टरांनी टाका घातला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "गळ काढला कुणी?" तात्यांनी बोटानं सासूबाईंना दाखवलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यांनीच सांगितलं व्हतं." घरी येताना रिक्षात मी आधी रडले आणि मग मला जे हसू सुटलं ते थांबेना.

दुसऱ्या दिवशी मंडळ देवळात बसलं. आम्ही बायका मागं. तात्यांचा ओठ टम्म सुजलेला. ते पाहून बुवा पार विरघळले होते. खरं सांगायचं तर त्यांनाही तात्यांशिवाय दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ती वीणा नकोच होती. त्यांनी आपणहून वाट काढून दिली. "तात्या, तुमी स्वताच्या जिवावर बगितलं, आता तुमचा सबुद आखरी. मुक्या जिवाला काय लागत न्हाई, येवढं म्हना. इशय मिटला. वीना तुमची."

एवढंच म्हणायचं होतं हो! एक वाक्य. कोण माशाला विचारायला जाणार होतं? मी मागून मनातल्या मनात तात्यांना सांगत होते, म्हणा, म्हणून मोकळे व्हा.

तात्यांनी मारुतीकडं पाहिलं. मग म्हणाले, "लागतंय."

"आं?"

"लई न्हाई. पन लागतंय. मी म्हनत व्हतो ते खोटं व्हतं. वीना दुसऱ्याला द्या."

"आवो, मंग काठी सोडतो म्हना!" बुवा जवळजवळ विनवायला लागले.

"ते बी आज म्हनवत न्हाई, बुवा," तात्या म्हणाले, उठले आणि चप्पल घालून घरी आले. असा माणूस! दोन्हीकडून स्वतःचंच नुकसान करून मोकळा. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं कौतुक वाटलं की रात्री वाढताना मी त्यांच्या भाकरीवर तूप जरा जास्तच घातलं.

नंतरचे दिवस वाईट गेले. काठी खुंटीला. तात्या रोज फुगवट्यावर जायचे, पण रिकाम्या हातानं, आणि उंबराखाली बसून परत यायचे. जेवण कमी झालं. सासूबाईंशी भांडणसुद्धा बंद झालं, तेव्हा सासूबाई घाबरल्या. "आवो, कायतरी बोला की," त्या म्हणायच्या. आणि एका सकाळी ओट्यावरून 'कट्' असा आवाज आला. तात्या तार कापायची पक्कड घेऊन बसले होते. त्यांनी तळहात पुढं केला. उंबराची माशी तशीच होती, पिसासकट, पण गळाचा वाकडा भागच नव्हता. उरली होती नुसती सरळ काडी.

"ह्याला मासा कसा लागणार?" मी विचारलं.

"लागायचाच न्हाई."

"मग?"

"मंग काय? येईल, बगील, तोंडात घेईल, चव बगील, थुकून जाईल."

"अहो तात्या, मग उपयोग काय त्याचा?"

"तुझ्या शाळंत गान्याचा तास असतो, त्याचा उपयोग काय?" तात्या खेकसले, आणि ते पुन्हा खेकसले म्हणून सासूबाईंनी आतून देवाला हात जोडले.

ती माशी मंडळापुढं गेली. बुवांनी तिचं टोक तळहातावर दाबून पाहिलं, गालावर दाबून पाहिलं, मग शेजारच्या पखवाजवाल्याच्या गालावर दाबून पाहिलं. पखवाजवाला म्हणाला, "ही काय मासेमारी न्हाई, बुवा." दुसरा म्हणाला, "मासेमारी न्हाई, येडेपना हाय." बुवांनी थोडा विचार केला आणि निकाल दिला, "येडेपनाला माळेत बंदी न्हाई." काल्याच्या दिवशी तात्या वीणा घेऊन उभे राहिले. ओठावर टाक्याचा वण होता. त्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच रडू आलं, आणि बुवांना सर्वांत जास्त.

सप्ताह झाल्यावर मी एकदा त्यांच्याबरोबर फुगवट्यावर गेले. तोवर कधी गेले नव्हते. पाणी निवांत होतं, पलीकडं ओझरच्या देवळाचा कळस दिसत होता. तात्यांनी काठी दोनदा मागंपुढं केली आणि ती पिवळी दोरी हवेत अशी उलगडली की मी बघतच राहिले. कुंकवातलं उंबर टुप्पकन पाण्यावर पडलं. बराच वेळ काही नाही. मग खालून एक मोठी सावली वर आली, थांबली, गोल तोंड उघडलं, आणि उंबर आत. दोरी ताठ झाली. तात्यांचा हात काठी उचलायला निघाला आणि मध्येच थांबला. माशानं चव घेतली, उंबर थुंकलं आणि सावकाश खाली गेला.

"तात्या, घेतलं त्यानं! घेतलं!" मी टाळ्या वाजवत होते. पोरीसारखी. तात्या मात्र हसले नाहीत.

"खरं सांगू, सूनबाई? कुनाला म्हनू नको. गळ व्हता तवा लई मजा यायची. काठी वाकायची, काळीज तोंडात यायचं. आता त्यातली मजा न्हाई ऱ्हायली."

मला वाईट वाटलं. एवढी वीणा मिळाली, मान मिळाला, आणि म्हातारा मनातल्या मनात अजून झुरत होता. मी विचारलं, "मग रोज कशाला येता, तात्या?"

त्यांनी दोरी ओढून घेतली, उंबर दोन बोटांत पिळून त्यातलं पाणी काढलं.

"आदी मी त्याला सोडायचो, तवा लई मोठेपना वाटायचा," ते म्हणाले. "आता त्योच मला सोडतो. रोज सोडतो. तरी उद्या परत येतो बिचारा. मंग मला यायला नको?"